गुण हाताचा की कानाचा?

‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो!’ हे वाक्य ऐकले नाही असा वाचक आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. गोळी तीच असते. पण एकाने दिली की लागू पडते आणि दुसऱ्याने दिली की पडत नाही, असे आपण म्हणतो. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे या हाताच्या गुणावर माझा कधी विश्वास बसला नाही. पुढे स्वतःच रुग्ण झालो, तेव्हा कळले की गुण असतो; पण तो हातात नसतो, कानात असतो.

‘घेतो’ म्हणालो आणि पडलो

२०१८ साली मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. पहिले काही महिने इमानेइतबारे घेतली. डोके दुखेना, चक्कर येईना. मग वाटले, सगळे ठीक आहे तर गोळी कशाला? परस्पर बंद केली. रक्तदाब वाढलेला असूनही बहुधा काहीच जाणवत नाही, हे या विज्ञानाच्या मास्तराला ठाऊक नव्हते!

दोन महिन्यांनी मुलाने शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेले. माणूस हुशार, बाहेर ही गर्दी. माझ्या आधीच्या पेशंटला त्यांनी झापलेले मी दाराबाहेरून ऐकले होते, ‘गोळ्या घ्यायच्या नसतील तर इथे येता कशाला?’ माझा नंबर आला. फाइलीतून मान वर न करता त्यांनी विचारले, ‘गोळ्या रोज घेता ना?’

मी म्हणालो, ‘घेतो.’ मुलांना जन्मभर खरे बोलायला शिकवणारा मी!

रक्तदाब बराच वाढलेला निघाला. एका गोळीने भागत नाही असे समजून त्यांनी दुसरी जोडून दिली. त्यात त्यांचे काय चुकले? माहितीच मी खोटी दिली होती. घरी आल्यावर मात्र घाबरलो आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गोळ्या एकदम सुरू केल्या. पाचव्या दिवशी पहाटे लघवीला उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आपटलो.

कपाळाला चार टाके पडले. ते घातले आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. टाके झाल्यावर त्यांनी मला आडवे झोपवून रक्तदाब मोजला, मग उभे करून पुन्हा मोजला. उभे राहताच तो चांगलाच खाली येत होता. त्यांनी स्टूल जवळ ओढले आणि म्हणाले, ‘मास्तर, गोळी सगळ्यांचीच चुकते. माझीसुद्धा चुकते. तुमची आठवड्यातून साधारण किती वेळा चुकते?’

प्रश्न तोच होता. पण ‘घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर असते. या प्रश्नात चुकायला जागा होती. मी म्हणालो, ‘डॉक्टर, चुकते कसली? दोन महिने घेतलीच नव्हती.’ ते रागावले नाहीत. शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांनी विचार करून पुन्हा एकच गोळी ठरवली. कपाळावर निभावले. माझ्या वयात खुब्याचे हाड मोडले असते तर?

दारातून परत बोलावले

दुसरा अनुभव आमच्या आळीतल्या एका वहिनींचा. त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे. त्या गुडघे दुखतात म्हणून गेल्या होत्या. तपासणी झाली, चिठ्ठी हातात पडली. दाराशी पोहोचल्यावर मागे वळून म्हणाल्या, ‘इथे छातीला जरा गाठीसारखं लागतंय. पण दुखत नाही, म्हणून म्हटलं राहू दे.’

बाहेर बाकावर दहा-बारा माणसे होती. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणे सोपे होते. डॉक्टर म्हणाले, ‘वहिनी, परत बसा. हेच सांगायला आला होतात ना?’ नर्सबाईंना आत बोलावून त्यांनी तपासले आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. गाठ कर्करोगाची निघाली. पण लवकर सापडली. ऑपरेशन झाले, पुढचे उपचार झाले. वहिनी आज नातवाला शाळेत सोडायला जातात.

स्तनातली कर्करोगाची गाठ पुष्कळदा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. आणि ज्याची सगळ्यात जास्त भीती किंवा लाज वाटते, ते आपण सगळ्यात शेवटी बोलतो.

वेळ कुठे आहे?

डॉक्टरमंडळी म्हणतील, इतके ऐकायला वेळ कुठे आहे? गाऱ्हाणे खोटे नाही. २०१७ साली ६७ देशांतली माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देत होते, आपल्याकडे जेमतेम दोन.

पण दुसरी बाजूही पाहा. १९८४ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसले, की रुग्ण बोलू लागल्यापासून सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रुग्णांना न तोडता बोलू दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत रुग्णांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत आपणहून संपले. म्हणजे ऐकून घ्यायला लागते ते दीड मिनिट! आपल्याकडेही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे याचे शिक्षण घातले आहे, ही समाधानाची गोष्ट.

गोड बोलणे वेगळे

कोणी म्हणेल, तुमचे डॉक्टर गोड बोलत असतील. छे! ते मोजकेच बोलतात. ‘अशक्तपणा वाटतो, एक सलाईन लावा’ म्हणणाऱ्याला ते स्पष्ट सांगतात, ‘तोंडाने खाता-पिता येतंय ना? मग मीठ-साखरेचं पाणी कशाला विकत घेता?’ त्यामुळे काही पेशंट रागावून दुसरीकडे जातात. पाठीवर हात फिरवून नको ते इंजेक्शन टोचणारा डॉक्टर प्रेमळ वाटतो. पण तो आपले ऐकत नसतो, आपल्याला हवे ते ऐकवत असतो.

आपलेही काम आहे

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्याही गुणांची यादी तिथे आहे. त्यात निर्भयपणा आहे आणि आपला आजार नीट सांगता येणे हाही एक गुण धरला आहे. तेव्हा दवाखान्यात जाताना आपणही चार गोष्टी कराव्यात.

जी तक्रार बोलायला जड जाते, ती सर्वांत आधी सांगावी. घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढ्यापासून झोपेच्या गोळीपर्यंत, एका पिशवीत घालून न्यावीत. गोळी बंद केली असेल तर तसे सांगावे. परस्पर बंदही करू नये आणि परस्पर सुरूही करू नये. आणि निघण्यापूर्वी, ‘ही सकाळी जेवणाआधी, ती रात्री; बरोबर ना?’ असे आपल्या तोंडाने एकदा म्हणून दाखवावे.

परवाच तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी मला पाच मिनिटे गप्प बसवले, मगच रक्तदाब मोजला. मग विचारले, ‘मास्तर, या महिन्यात किती चुकल्या?’

‘एक.’

ते काहीच बोलले नाहीत. नुसते थांबले.

‘दोन,’ मी म्हणालो.