खोट्या कार्डाचा खरा ड्रायव्हर

गोष्ट एका शुक्रवारची. आमचा मेकॅनिकलचा रूममेट रात्री साडेनऊला रूमवर आला आणि चपलांसकट पलंगावर आडवा झाला. लॅबमधला जुना पीसी बसला होता. त्याच्या बी.ई. प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं, आणि सोमवारी एक्स्टर्नल येणार! "तू कॉम्प्युटरवाला ना? मग कर काहीतरी," एवढंच म्हणाला.

आता नव्या लॅपटॉपवर एक्सपी थेट टाकणं अवघडच. म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्स टाकलं आणि त्यात एक्सपीची व्हर्च्युअल मशीन बनवली. ती सुरूही झाली. पण ते सॉफ्टवेअर लायसन्स घेतं डिपार्टमेंटच्या सर्व्हरवरून, म्हणजे नेटवर्क पाहिजेच. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इथरनेट कंट्रोलर'समोर पिवळं प्रश्नचिन्ह!

शनिवारी लॅबच्या सरांनी सुट्टी असूनही लॅब उघडून दिली. तिथे बसून मी जो गाढवपणा केला, तो तुम्ही करू नये म्हणून हा लेख. लॅपटॉपमध्ये रिअलटेकचं कार्ड आहे, तेव्हा मी रिअलटेकचा ड्रायव्हर उतरवला आणि एक्सपीत टाकत बसलो. तीन तास गेले. होणार कसं? एक्सपीला ते कार्ड दिसतच नव्हतं.

आपल्या कात्रजचंच उदाहरण घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. शहरात ते हौदांत पडे. हौदावर घागर भरणाऱ्याला तलाव दिसत नसे, त्याचा संबंध फक्त हौदाशी. व्हर्च्युअल मशीनचंही तसंच. खरं कार्ड म्हणजे तलाव, ते यजमान मशीन सांभाळतं. आतल्या पाहुण्या विंडोजला दिसतो फक्त हौद, म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं नकली कार्ड. ड्रायव्हर हवा तो या नकली कार्डाचा!

मग कोणतं नकली कार्ड निवडायचं? व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन पूर्ण बंद करून सेटिंग्ज, नेटवर्क, अॅडव्हान्स्ड इथे गेलं की 'अॅडॅप्टर टाइप' दिसतो.

१) पीसीनेट-फास्ट थ्री : एएमडीच्या जुन्या कार्डाची नक्कल. एक्सपीत याचा ड्रायव्हर आधीपासून असतो. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मात्र विंडोजने तो सोबत देणं बंद केलं.

२) इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप : व्हिस्टा आणि त्यापुढच्या विंडोजसाठी. एक्सपीला हे आपणहून ओळखता येत नाही.

३) इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर : हे एक्सपी वेगळा ड्रायव्हर न टाकता ओळखतं.

४) व्हर्टआयओ : हे कोणत्याच खऱ्या कार्डाची नक्कल नाही. पाहुणा आणि यजमान यांनी आपसात ठरवलेली सरळ भाषा आहे, म्हणून वेग चांगला. २००८ पासून ती लिनक्स कर्नलमध्ये आहे, त्यामुळे लिनक्सवाल्यांना काही टाकावं लागत नाही. विंडोजला मात्र ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो.

माझी चूक आता कळलीच असेल. 'एक हजार' हा आकडा मोठा दिसला म्हणून मी मूळचं पीसीनेट बदलून एमटी डेस्कटॉप केलं होतं. परत पीसीनेट केलं, मशीन चालू केली, आणि उजव्या कोपऱ्यात दोन छोटे मॉनिटर लुकलुकले!

काहींना प्रश्न पडेल, नेट नाही तर नेटचा ड्रायव्हर आत आणायचा कसा? सोपं आहे. यजमानावर ड्रायव्हरची आयएसओ फाइल उतरवा आणि ती व्हर्च्युअल सीडी म्हणून आत लावा. व्हर्टआयओसाठी हाच रस्ता : विंडोजसाठीच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ लावायची, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' म्हणायचं आणि 'नेटकेव्हीएम' फोल्डरमधून आपल्या विंडोजचा ड्रायव्हर निवडायचा.

आणखी दोन गोष्टी हॉस्टेलवाल्यांसाठी. एक, तयार मशीन पेनड्राइव्हवरून रूमोरूमी फिरते, तेव्हा तिचा मॅक अॅड्रेसही सोबत फिरतो. ब्रिज्ड नेटवर्कवर एकाच मॅकच्या दोन मशीन आल्या की दोघींचं नेट अडखळतं. कॉपी केल्यावर नवा मॅक तयार करायला विसरू नका. दोन, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यामुळे तिला ब्रिज्डवर मोकळी सोडू नका. आम्ही एनएटी ठेवलं : मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळाला, ती लायसन्स सर्व्हरपर्यंत जाऊ शकत होती, पण बाहेरून कोणी थेट तिच्यापर्यंत येऊ शकत नव्हतं. काम झाल्यावर केबलची खूणही काढून टाकली.

सोमवारी प्रोजेक्ट चाललं. एक्स्टर्नलनी विचारलं, "हे एक्सपी कुठल्या मशीनवर आहे?" रूममेटने लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि पुढचं उत्तर मला द्यायला लावलं. त्या संध्याकाळी कात्रज चौकातला वडापाव त्याच्याकडून.

तेव्हा दोस्तांनो, पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की आधी ड्रायव्हर शोधू नका. आधी विचारा, आतल्या मशीनला कोणतं कार्ड दिसतंय?