वहीतून भ्रमणध्वनीत

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजनेचा आरंभ झाला, तेव्हा गावच्या अंगणवाडीचे सारे दप्तर एका पत्र्याच्या पेटीत मावत असे. आज महाराष्ट्रातील १ लाखाहून अधिक अंगणवाड्यांतील बालकांची हजेरी, वजन व उंची सेविकेच्या मुठीतल्या फोनवर, २०२१ साली आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये चढते. आकडे भरताच मूल कोणत्या श्रेणीत मोडते हे ॲपच सांगते आणि तक्त्यावर ठिपके जोडीत बसण्याचा खटाटोप वाचतो, हा लाभ निर्विवाद होय.

परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी आपले सरकारी फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ते तापत, मध्येच हँग होत, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्याच माथी येई, आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाईपुढे ॲप उभे राही ते इंग्रजीत. त्यांनी मागितला तो चालणारा फोन व मराठी ॲप; बायकांना यंत्राचे वावडे असते, असे मानणाऱ्या शहाण्यांनी ही मागणी एकदा वाचावी. मराठी पुढे आली खरी.

आता घरपोच आहाराचे पाकीट देण्यापूर्वी मातेचा चेहरा टिपून ओळख पटवावी लागते, आणि त्याआधीच्या केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा आणि नवरा पुण्याला कामावर. पोर कडेवर घेऊन आई उंबऱ्याशी तिष्ठत राहते. सेविका ‘दादा, आकडे सांगा लवकर’ म्हणून फोन लावते, पलीकडून कोणी उचलत नाही, आणि ओटीपीची मुदत सरते.

सरकारदरबारी या कामास मानसेवा व मोबदल्यास मानधन म्हणण्याचा प्रघात आहे, जणू वेतन हा शब्द उच्चारताच खजिन्यास धक्का बसावा. सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीवरील हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे योजनेला ४६ वर्षे उलटल्यावर. दिवसा रेंज न मिळाल्याने तुंबलेल्या नोंदी सेविका रात्री भाकऱ्या आटोपल्यावर ओट्यावर बसून भरते, आणि ॲपने दगा दिलाच तर हाताशी असावेत म्हणून तेच आकडे जुन्या वहीतही उतरवून ठेवते.