कबड्डीतील बचावपटू : कोपऱ्यापासून प्रशिक्षकपदापर्यंत

बचावपटूचे काम

कबड्डीत चढाईपटू नजरेत भरतो, बचावपटू मात्र रचनेत. सात खेळाडूंच्या फळीत दोन टोकांना कोपरारक्षक आणि आतल्या बाजूला मध्यरक्षक असतात. कोपरारक्षक घोटा किंवा मांडी धरतो. मध्यरक्षक अंगाचा धक्का देऊन चढाईपटूला बाहेर ढकलतो किंवा त्याची परतीची वाट अडवतो. एकाने धरलेला घोटा उरलेल्यांनी तत्काळ झाकला नाही, तर पकड सुटते आणि स्पर्श झालेल्या प्रत्येक रक्षकामागे प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. म्हणून केव्हा झेपावू नये हे कळणे, ही बचावातील सर्वांत उशिरा येणारी विद्या.

निजामपूरचे दोघे

दिल्लीच्या वायव्य टोकाला, हरियाणाच्या सीमेजवळ निजामपूर हे गाव आहे. राकेश कुमार आणि मनजीत छिल्लर हे दोन अर्जुन पुरस्कारविजेते तेथलेच. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत राकेशच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला अंतिम सामन्यात २७-२५ असे हरवले; मनजीतही त्या संघात होता. मनजीत मूळचा कुस्तीगीर. पाय धरून तोल मोडण्याची आखाड्यातील सवय त्याला मॅटवर उपयोगी पडली असावी. प्रो कबड्डी लीगमध्ये ३०० पकडगुणांचा टप्पा सर्वप्रथम त्याने ओलांडला. काही काळ तो पुणेरी पलटणकडूनही खेळला.

वयाचा हिशेब

चढाईपटूची पुंजी म्हणजे वेग, आणि तो वयाबरोबर ओसरतो. बचावपटूची पुंजी म्हणजे अंदाज. गुडघे आणि खांदे साथ देतात तोवर तो मुरत जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये दबंग दिल्लीने पाटणा पायरेट्सला ३७-३६ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या संघातील कर्णधार जोगिंदर नरवाल, जीवा कुमार आणि मनजीत हे तिघेही पस्तिशी गाठलेले वा ओलांडलेले होते.

पैसा आणि नोकरी

२०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा सर्वांत महाग खेळाडू राकेशच होता : १२ लाख ८० हजार रुपये. २०२५ मध्ये इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी २३ लाखांची बोली लागली. तो अष्टपैलू असला तरी त्याची मुख्य ओळख पकडींची. आधीच्या पिढीला पैशाची ही भरती उतारवयात भेटली. त्या पिढीचा खरा आधार रेल्वे, सेनादले, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रमांतील क्रीडा कोट्याची नोकरी. आजही लिलावाचा करार ठरावीक हंगामांपुरता असतो आणि गुडघ्याची एक दुखापत तो निरर्थक करू शकते. पगारी नोकरीचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही.

मैदानाबाहेर

अनुभवी कोपरारक्षक चढाईपटूच्या पावलांची सवय वाचतो आणि शेजाऱ्याला खुणेने हलवतो. प्रशिक्षकाचे काम याहून फार निराळे नाही. राकेशने निवृत्तीनंतर हरियाणा स्टीलर्सला मार्गदर्शन केले. जोगिंदर दबंग दिल्लीचाच प्रशिक्षक झाला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये त्याच्या संघाने अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यावर इराणचा फजल अत्राचली होता. लीगमध्ये पाचशेहून अधिक पकडगुण मिळवलेला आणि एके काळी पलटणचाच कर्णधार असलेला. चढाईच्या तीस सेकंदांत प्रशिक्षकाला त्या कोपऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. त्याच्या हाती असतात ते विश्रांतिकाळ आणि बदली खेळाडू.