दुसऱ्या खर्ड्यासाठी तासिका

दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे तीस तासिका. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली आणि प्रथम वर्षाचा आमचा लेखनकौशल्याचा पेपर या तीस तासिकांत बसवायचा ठरला. जुन्या अभ्यासक्रमात अर्ज, सारांश, बातमी, जाहिरात, संवाद, इतिवृत्त, वर शुद्धलेखनाचे नियम असे सगळे होते. व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये, एक नमुना, की लगेच पुढचा प्रकार. मुले गाईडमधला नमुना पाठ करायची, नाव-गाव बदलून परीक्षेत उतरवायची आणि पासही व्हायची. लिहिलेले परत लिहायची वेळ त्यांच्यावर कधी येतच नसे. मला विचाराल तर लिहायला शिकणे सुरू होते ते तिथेच.

म्हणून अभ्यास मंडळाच्या बैठकीत मी आग्रह धरला की प्रकार कमी करू आणि पुनर्लेखनाला तासिका देऊ. विरोध झाला. स्पर्धा परीक्षेला सारांश लागतो, पत्रकारितेकडे जाणाऱ्याला बातमी लागते, मग गाळायचे काय? मुद्दा रास्त होता. शेवटी जाहिरात आणि संवाद गेले, आणि माहिती अधिकाराचा अर्ज नव्याने आला.

हा अर्ज शिकवायला फार चांगला. कायदा २००५चा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत. म्हणजे पाल्हाळाला जागाच नाही. शिवाय माहिती अधिकाऱ्याकडे तक्रार करून भागत नाही, त्याच्या दप्तरात असलेली माहिती मागावी लागते.

गेल्या सत्रात एका मुलीने गावच्या पाणी योजनेवर अर्ज लिहिला. पहिल्या खर्ड्यात होते, ‘आमच्या गावात पाण्याची समस्या अत्यंत गंभीर असून विहीरीचे काम अनेक दिवसांपासून रखडले आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.’ वाक्य सफाईदार, पण त्यात मागणी कुठल्याच कागदाची नाही. मी त्यावर लाल पेन चालवला नाही. शेजारच्या मुलाला वाचायला दिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘हिला नेमके काय हवे आहे?’ त्याला सांगता येईना. मग दोघे खाली मान घालून बोलत बसले. काम कोणाला दिले? कधी? पैसे किती दिले?

दुसऱ्या खर्ड्यात ‘अत्यंत गंभीर’ नव्हते. कार्यादेशाची प्रत, ठेकेदाराला आजवर दिलेली रक्कम तारखांसह, मोजमाप पुस्तिकेची प्रत अशा तीन मागण्या होत्या. ‘विहीरीचे’ मात्र तसेच होते. तेव्हा फळ्यावर गेलो. विहीर, पण विहिरीचे. गरीब, पण गरिबाला. मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम आधी स्वतंत्र घटक म्हणून शिकवत होतो, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, ओळीने. आता स्वतःच्या कागदावर चूक सापडली की त्या वेळी तो नियम येतो. असा आलेला नियम मुलांच्या हातात राहतो.

सगळ्यात अवघड आहे ते वेळेचे गणित. वर्गात ऐंशी मुले. एका कागदाला पाच मिनिटे धरली तरी एका फेरीला जवळजवळ पावणेसात तास लागतात. दोन खर्डे म्हणजे दुप्पट. म्हणून पहिली फेरी मुलांनीच एकमेकांची वाचायची आणि मी दुसरीच तपासायची, असे ठरवले. अंतर्गत मूल्यमापनात पहिल्या खर्ड्याला गुण नाहीत, पण तो जोडल्याशिवाय दुसरा स्वीकारायचा नाही. पहिला खर्डा वर्गातच, हाताने लिहायचा. मोबाईल दप्तरात. यावर कुरकुर झाली, तरी मी हटलो नाही. कच्चे, खाडाखोड केलेले पान समोर नसेल तर सुधारायचे काय?

तपासणीचे हे तास कार्यभारात मात्र कुठेच धरले जात नाहीत. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकासाठी वर्गाच्या बॅचेस पाडतात आणि प्रत्येक बॅचचे तास शिक्षकाच्या नावावर लागतात. लेखनाच्या पेपरलाही तेच हवे, वीस-वीस मुलांच्या चार बॅचेस. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय मी लेखी दिला आहे.