आधी लीद तपासा

घोड्याची 4 ग्रॅम ताजी लीद मिठाच्या 26 मिलिलिटर संपृक्त द्रावणात कालवायची, गाळायची आणि मॅकमास्टर काचपट्टीच्या दोन्ही खणांत भरायची. काही मिनिटांत जंतांची अंडी वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली रेघांच्या आतली अंडी मोजून 25 ने गुणले की एका ग्रॅममधली संख्या मिळते. औषधानंतर 14 दिवसांनी पुन्हा मोजले की औषध लागू पडले का, ते कळते. ही साधी तपासणी वगळून नुसत्या तारखा पाहून औषध देत राहिलो, म्हणूनच जंत औषधाला दाद देईनासे झाले, असे माझे ठाम मत आहे.

त्या तारखांमागे एके काळी सबळ कारण होते. 1966 मध्ये केंटकीच्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी सगळ्या घोड्यांना दर 6 ते 8 आठवड्यांनी औषध देण्याची पद्धत सुचवली, ती स्ट्रॉन्गाइलस व्हल्गॅरिस या जंतासाठी. या जंताच्या अळ्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत शिरतात, तिथे गुठळ्या होतात आणि घोडा दगावू शकतो. अंडी घालण्याइतके वाढायला त्याला सुमारे सहा महिने लागतात. एवढ्या वेळात औषधाचे अनेक डोस पडत आणि तो जवळपास नाहीसा झाला. लहान स्ट्रॉन्गाइल हे जंत मात्र काही आठवड्यांतच अंडी घालू लागतात. प्रत्येक डोसातून जे तगले, त्यांचीच प्रजा कुरणावर वाढली. आज जगात बहुतेक ठिकाणी फेनबेंडाझोल हे जंतनाशक त्यांच्यावर निकामी ठरते. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकानंतर पूर्वी 8 आठवडे तरी अंडी दिसत नसत, आता अनेक ठिकाणी 5 आठवड्यांतच दिसतात.

कळपातले साधारण 20 टक्के प्रौढ घोडेच 80 टक्के अंडी टाकतात. औषध त्यांनाच द्यावे. बाकीच्यांच्या पोटातले, औषधाने मरू शकणारे जंत टिकू द्यावेत, म्हणजे कुरणावर त्यांचाही वंश राहतो. यावर डेन्मार्कचा दाखला दिला जातो, आणि तो गंभीर आहे: 1999 पासून तिथे पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय जंतनाशक मिळत नाही, आणि मोजून औषध देणाऱ्या तबेल्यांत स्ट्रॉन्गाइलस व्हल्गॅरिस अधिक आढळला. पण त्यासाठी जुन्या वेळापत्रकाकडे परतण्याची गरज नाही. या जंताची वाढ संथ आहे आणि आयव्हरमेक्टिन त्याला अजून मारते. म्हणून वर्षातून एक-दोनदा सगळ्यांना डोस द्यावा, बाकीचे मोजणीवर ठरवावे. आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या मोजणीत दिसत नाहीत, हेही खरेच. म्हणून आजारी घोड्याचे निदान या आकड्यावर करू नये, आणि शिंगरांना हा नियम लावू नये. खर्चाची तक्रार मला पटत नाही: निकामी औषधाचे पैसेही वायाच जातात, आणि आयव्हरमेक्टिनच्या गटानंतर घोड्यांच्या या जंतांवर नव्या गटाचे औषध आलेले नाही. आठवड्यातून दोनदा कुरणातली लीद उचलायला तर औषधही लागत नाही.