नोटेची जाहिरात आणि स्मारकाचा खर्च

९ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकेत २० डॉलरची नवी नोट चलनात आली. हिरव्या-काळ्या नोटांची सवय असलेल्या लोकांना तिच्यावर फिकट नारिंगी आणि निळ्या रंगाच्या छटा दिसल्या. नोट हातात पडण्याच्या काही महिने आधीपासूनच सरकारने तिची जाहिरात सुरू केली होती आणि तीवर कोट्यवधी डॉलर खर्च होत होते. पुढे सात-आठ महिन्यांनी, २९ मे २००४ रोजी, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर दुसऱ्या महायुद्धाच्या राष्ट्रीय स्मारकाचे लोकार्पण झाले. हे स्मारक बहुतांशी लोकांच्या देणग्यांतून उभे राहिले होते. पैसा सगळ्यांनाच हवा असतो, मग त्याची जाहिरात कशाला, आणि युद्धात पडलेल्यांच्या स्मारकासाठी मात्र वर्गणी का, असा प्रश्न या दोन घटना शेजारी ठेवल्या की उभा राहतो. त्याचे उत्तर शोधायचे तर दोन्ही खर्च कोणत्या थैलीतून होतात हे आधी पाहावे लागते.

नोटेच्या प्रसिद्धीमागे बनावट नोटांची भीती असते. नव्या नोटेत जलचिन्ह, सुरक्षा धागा आणि नोट तिरकी केली की रंग बदलणारी शाई अशा खुणा होत्या. पण दुकानदाराला किंवा बँकेतल्या रोखपालाला त्या ठाऊक नसतील तर त्यांचा उपयोग शून्य. उलट धोका वेगळाच: अनोळखी रंगाची खरी नोटच लोक नाकारू लागतात. शिवाय डॉलरच्या नोटांचा मोठा भाग अमेरिकेबाहेर फिरतो. त्यामुळे परदेशातल्या बँका आणि चलन बदलून देणारे यांच्यापर्यंतही माहिती पोहोचवावी लागते. युरोपीय मध्यवर्ती बँकेलाही हे चुकले नाही. २००२ मध्ये युरोच्या नोटा आणि नाणी आली तेव्हा तिने ८ कोटी युरोची माहिती मोहीम राबवली होती.

हा पैसा संसदेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून थेट येत नाही. अमेरिकेत नोटा ब्युरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग ही सरकारी संस्था छापते आणि तिचा खर्च फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक भरून देते. नाणी पाडणारी टांकसाळही स्वतःच्या उत्पन्नावर चालते. नाणे पाडायला येणारा खर्च आणि त्याची दर्शनी किंमत यांतला फरक हा सरकारचा नफा असतो. तरीही हा पैसा फुकटचा नव्हे. खर्च वजा जाता मध्यवर्ती बँकेची शिल्लक आणि टांकसाळीचा नफा शेवटी सरकारी तिजोरीतच जमा होतात. जाहिरातीवर गेलेला डॉलर तेवढ्याने ती तिजोरी हलकी करतो.

या खर्चाची खरी परीक्षा डॉलरच्या नाण्याने घेतली. २००० मध्ये टांकसाळीने साकाजाविया या आदिवासी स्त्रीची प्रतिमा असलेले सोनेरी नाणे काढले. ते बनवायला सुमारे १२ सेंट लागत, आणि एक डॉलरची कागदी नोट तेव्हा दीड-दोन वर्षांत जीर्ण होई, तिथे नाणे काही दशके टिकते. त्यामुळे बेत फायद्याचा वाटत होता. वॉलमार्टच्या दुकानांतून नाणी वाटली गेली आणि नाश्त्याच्या चीरिओजच्या काही खोक्यांतही ती टाकली गेली. संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००२ मध्ये हिशेब मांडला तेव्हा प्रसिद्धीवर सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाल्याचे दिसले. नाणे लोकांना माहीत झाले, पण वापरात आले नाही. कारण साधे होते: एक डॉलरची कागदी नोट चालूच होती. कॅनडाने १९८७ मध्ये डॉलरचे नाणे आणले आणि १९८९ मध्ये नोट देणे बंद केले. तिथे नाणे रुळले. अमेरिकेने २००७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिमांची नाणी काढून पुन्हा प्रयत्न केला. २०११ च्या अखेरीस फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत सुमारे १४० कोटी नाणी पडून होती आणि चलनासाठी ती पाडणे थांबवावे लागले. जे काम धोरणाने करायचे ते जाहिरातीने होत नाही, एवढे यातून सिद्ध झाले.

स्मारकांसाठी वर्गणी ही अमेरिकेची जुनी रीत आहे. वॉशिंग्टन स्मारकस्तंभाचे काम १८४८ मध्ये एका खासगी संस्थेने सुरू केले. १८५४ मध्ये पैसा आटला आणि सुमारे ४६ मीटर उंचीवर काम अडले. १८७६ मध्ये संसदेने जबाबदारी घेतल्यावर १८८४ मध्ये ते पुरे झाले. नंतरचा संगमरवर वेगळ्या खाणींतला असल्याने त्या उंचीवर दगडाचा रंग बदललेला आजही दिसतो. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झर यांनी १८८५ मध्ये आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि एक लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखाहून अधिक डॉलर दिले.

हीच रीत १९८६ च्या कायद्याने पक्की केली. वॉशिंग्टनमधल्या सरकारी जागेवर स्मारक उभारायचे तर पैसा साधारणपणे पुरस्कर्त्यांनी जमवायचा आणि बांधकाम खर्चाच्या १० टक्के रक्कम देखभालीसाठी वेगळी द्यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाला संसदेने १९९३ मध्ये मंजुरी दिली. त्याचा खर्च सुमारे १८ कोटी २० लाख डॉलर झाला. जमलेल्या सुमारे १९ कोटी ७० लाखांत सरकारचा वाटा १ कोटी ६० लाख होता. पण ही वर्गणीही आपोआप जमली नाही. माजी सेनेटर बॉब डोल यांनी निधी उभारणीचे नेतृत्व केले आणि अभिनेते टॉम हँक्स यांनी त्यासाठी जाहिराती केल्या. म्हणजे स्मारकालाही जाहिरात लागलीच.

या पद्धतीच्या बाजूने असे म्हटले जाते की लोकांनी स्वतः खिशात हात घातला तर स्मारक खरोखर हवे आहे हे कळते. विरोधी मत असे, की युद्ध राष्ट्राने लढले तर स्मरणही राष्ट्रानेच करावे. नाहीतर ज्यांच्यामागे धनिक किंवा प्रसिद्ध माणसे आहेत त्यांचीच स्मारके होतील. संसदेने अपवादही केले आहेत. १९९७ मध्ये खुले झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आणि २०२० मधले आयझेनहॉवर यांचे स्मारक मुख्यतः सरकारी पैशातून झाले.

चलन आणि स्मारक यांची गाठ एका ठिकाणी पडते, ती म्हणजे स्मरणार्थ नाणी. ही नाणी संग्राहक जादा दराने घेतात आणि किमतीतला अधिभार ठरलेल्या कामाला जातो. १९८६ च्या अशा नाण्यांतून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि एलिस बेट यांच्या दुरुस्तीसाठी सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. महायुद्धाच्या स्मारकालाही नाण्यांच्या विक्रीतून हातभार लागला. या यशाने मागण्या वाढल्या, नाण्यांची गर्दी झाली आणि काही योजनांत टांकसाळीला तोटा होऊनही अधिभार द्यावा लागला. म्हणून १९९६ मध्ये नियम कडक झाले. आता टांकसाळीचा सगळा खर्च वसूल झाल्यावरच अधिभार मिळतो, लाभार्थी संस्थेला तेवढाच खासगी निधी दाखवावा लागतो आणि वर्षाला दोनपेक्षा जास्त योजना होत नाहीत.

तेव्हा नोटेची जाहिरात थांबवली तर ती रक्कम आपसूक स्मारकाकडे वळत नाही. त्यासाठी संसदेला वेगळी तरतूद करावी लागेल. दोन्ही खर्चांना मोजपट्ट्याही निरनिराळ्या लागतात. जाहिरातीबाबत पाहायचे ते असे, की खोटी नोट ओळखली जाते का, नवे नाणे वापरले जाते का. स्मारकाबाबत पाहायचे ते असे, की बांधकामाचा पैसा मध्येच आटणार नाही ना, आणि लोकार्पणानंतरच्या झाडलोटीची, दुरुस्तीची सोय कोणी केली आहे.