बंदीच्या जिल्ह्यातला पव्वा आणि सुटलेलं पोट

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू होऊन पन्नासएक वर्षं होत आली. तरी वर्धा नदी ओलांडली की पलीकडे यवतमाळ-अमरावतीची दुकानं उघडी असतात, आणि अलीकडे पोलिसांनी मोह सडव्याचे ड्रम नासवल्याच्या बातम्या नेमाने येतात. बंदीच्या एका परिणामाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. दवाखान्यात वजन, शुगर, बीपी सगळं विचारलं जातं, ‘घेता का?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘नाही जी’. चोरून प्यायलेल्याचा हिशेब राहत नाही, आणि हिशेब नसला की समजुतींना रान मोकळं.

सगळ्यांत लाडकी समजूत मोहाची. ‘झाडाची आहे, घरची आहे, अंगात ताकद येते.’ मोहफूल पौष्टिक, यात शंका नाही. वाळल्या फुलात भरपूर साखर असते, त्याचे लाडूही करतात. पण फुलं सडवली की तीच साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. पुढे भट्टीवर वाफ धरून थंड करतात, तेव्हा वाफेबरोबर अल्कोहोल, पाणी आणि वास वर जातो. लोह-कॅल्शियमसारखी खनिजं चोथ्यात खालीच राहतात. थोडक्यात, फुलातलं चांगलं ते फेकलं जातं आणि उरलेलं आपण पितो. त्यातही पहिल्या धारेची किती कडक, हे गाळणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. आणि भेसळीत मिथेनॉल आलं, तर प्रश्न वजनाचा उरतच नाही: डोळे जातात, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराच्या वर माणसं तशीच गेली.

‘दारूत ना तेल ना तूप, वजन वाढतं ते चखन्यानं.’ हे अर्धंच खरं. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९, आणि अल्कोहोलमधून ७. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीच्या पव्व्यात साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. नुसत्या सोड्याबरोबर घेतली तरी चार-पाच पोळ्यांइतक्या. शिवाय अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत आधी तेच जाळतं आणि चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. सोबतची शेव आणि रात्रीचा मटणाचा रस्सा मग अंगावर बसतो.

‘बीअर म्हणजे काही दारू नव्हे’ म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा टक्का वाचावा. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बीअरमध्ये ४० ग्रॅमच्या वर अल्कोहोल भरतं, म्हणजे पव्व्याच्या दोनतृतीयांश. मे महिन्यात ती थंडावा देते हाही भ्रमच. लघवी वाढून शरीरातलं पाणी उलट कमी होतं.

यावर हमखास प्रश्न येतो: रोज पिणारा तो बाप्पा काटकुळा कसा? कारण तो जेवतच नाही. दंड-मांड्यांचे स्नायू झडतात, बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पुढे आलेलं, तर ती चरबी नसून पाणी असू शकतं, यकृत निकामी होत आल्याचं. अशा वेळी वजनकाटा खोटा धीर देतो.

पहाटे पळून घाम काढला की ‘उतरते’ असंही म्हणतात. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच अल्कोहोल निपटतं. पव्व्याला सहा-आठ तास लागतात, लिंबूपाणी घ्या की पळा. आणि ‘औषधापुरती’ चालते म्हणावं, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही.

एक भीती मात्र अगदीच खोटी नाही. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, झटके येणं हे घडू शकतं, क्वचित जिवावरही बेततं. म्हणून घरात कोंडून किंवा शपथ घालून सोडवण्यापेक्षा त्याला दवाखान्यात न्यावं, आणि तिथे ‘घेता का?’ला खरं उत्तर द्यावं, किती आणि कोणती, तेही सांगावं. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.